वऱ्हाडातल्या दोन रोहिण्या

वऱ्हाडातून परत आल्यापासून वाईच्या बायका मला एकच विचारतात, "तिकडे म्हणे घराघरात सोनं लोळतंय, पाहिलंस का?" मी नाही म्हणते. मग काय पाहिलंस? चंद्राशेजारची एक चांदणी पाहिली, असं सांगितलं की त्या एकमेकींकडे बघतात आणि लोणच्याचा विषय काढतात. म्हणून हे लिहून काढते आहे. बायकांनी प्रवासाचं लिहू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं. पुढे त्यांना आवडेल असं फारसं काही नाही.

माझे वडील पंचांग करतात. मुलगा नाही, म्हणून त्यांनी ग्रहगणित मला शिकवलं, तेही दार लावून. अकराव्या वर्षी मी शुक्राचा उदय आणि अस्त काढत होते. पण आमच्या घरात आकाश पाटीवर असे. खरे ग्रह दिसायला लागत त्या वेळी वडील संध्येला बसलेले आणि मी चुलीपाशी. मंगळ आज कुठल्या राशीत किती अंशांवर आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं. अंगणात येऊन बोट दाखव म्हणाले असते, तर माझी फजिती झाली असती. ती पुढे झालीच.

आमचे हे कापसाच्या एका पेढीवर कारकून आहेत. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि सगळ्या पेढ्या वऱ्हाडाकडे धावल्या. यांनाही अमरावतीला बोलावणं आलं. मी बरोबर जाते म्हटल्यावर सासूबाईंनी दोन दिवस अन्न गोड लागत नाही असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या जेवल्या आणि मी निघाले.

अकोला

आगगाडीचं आणि पुढच्या बैलगाडीचं रडगाणं गात नाही. अकोल्यात आम्ही दोन दिवस होतो आणि दोन्ही दिवस माझ्या नाकात कापूस होता. रस्त्यात, कुंपणांवर, विहिरीच्या पाण्यावर, देवळातल्या नंदीच्या शिंगांवर, सगळीकडे कापूस. गाड्यांची रांग गावाबाहेर नदीपर्यंत गेलेली. चैत्राच्या उन्हात मखमलीचा अंगरखा घातलेला एक शेतकरी घामाने निथळत होता, पण अंगरखा काढायला तयार नव्हता. दुसऱ्याने काचेचं भलंमोठं झुंबर गाडीत उशा लावून निजवलं होतं. घराचं आढं बुटकं आहे, म्हणून ते गोठ्यात टांगणार, असं त्याने आनंदाने सांगितलं. पुण्याची माणसं अशांना हसतात. मला नाही हसू आलं. आयुष्यभर फडक्यावर काढल्यावर माणसाला मखमल घालावीशी वाटली, तर त्यात कुणाचं काय गेलं?

धर्मशाळेतल्या बाईने भाकरीबरोबर ठेचा वाढला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काहून रडून राहिल्या, बाई? घरची याद आली का?" तिने विचारलं.

मी ठेच्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "हा तं लेकरायचा हाये. आमचा अजून वाढलाच नाई."

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे

पेढीचं एक पत्र नांदगाव खंडेश्वरला द्यायचं होतं, म्हणून आम्ही वाकडी वाट धरली. नांदगाव दोन कोसांवर राहिलं असताना काळ्या मातीच्या एका भेगेत चाक गेलं आणि गाडीचा आख मोडला. शेजारच्या गावच्या पाटलांनी ओसरी दिली. दुसऱ्या दिवशी सुताराने आख बसवला, आणि त्याच दुपारी आमचा गाडीवान कापूस भरून पसार व्हायला निघाला. यांनी त्याला अडवलं.

"आम्हाला अमरावतीला कोण नेणार?"

"मालक, मानूस भिजला तं सुकते. कापूस भिजला तं गेला," तो म्हणाला आणि बैल हाकले.

नंतर कळलं की पंचक्रोशीत एकही गाडी रिकामी नव्हती. वऱ्हाडात त्या वर्षी कापसाला गाडी मिळे, माणसाला मिळत नसे. आम्ही त्या गावात आठ-नऊ दिवस अडकलो. यांनी पेढीला उशीर झाला म्हणून डोक्याला हात लावला. मला काही फार वाईट वाटलं नाही.

पाटलांच्या घरी रोज सकाळी यमुना नावाची माळीण भाजी घेऊन येई. चाळिशीची, उंच, आवाज असा की पलीकडच्या आळीतली म्हैस मागे वळून बघेल. टोपलीतली वांगी आणि संभार, म्हणजे आपली कोथिंबीर, ओतून द्यायची आणि पाटलीणबाईंनी टोपलीत ज्वारी ओतायची, असा व्यवहार. सगळ्या गावाशी तिचा हाच व्यवहार होता. तिचे मोटेचे बैलसुद्धा गावातून मिळणाऱ्या ज्वारीच्या कडब्यावर, म्हणजे वाळल्या ताटांवर, जगत.

ती पहिल्यांदा भेटली त्याच संध्याकाळी मी तिच्या मळ्यात गेले. विहिरीवर मोट चालू होती. बैल उतारावरून खाली जात, चाक कुरकुरे, पाणी पाटात पडे, आणि यमुना नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरखंडावर, बसून बैलांबरोबर खाली येई. पश्चिमेला उजेड विझत होता. विहिरीच्या दोन खांबांच्या बऱ्याच वर एक तांबूस तारा दिसला. रोहिणी तांबूस असते हे मला पाठ होतं. मी ऐटीत म्हटलं, "ती बघा यमुनाबाई, रोहिणी."

यमुनाने बैल थांबवले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"थे रोहिनी नाई, बाई. थो तांबडा फिरस्ता हाये. रामनवमीले थो रोहिनीच्या बाजूले होता. आता पाहा कुठं गेला." मग तिने खाली, डाव्या खांबाजवळ बोट दाखवलं. "थे रोहिनी. तिच्याभोवती बारीक चांदन्यायचा गाडा दिसते का? गाडा नाई, तं रोहिनी नाई. अन् थे जागा सोडत नाई. बारा महिने याच खांबाले घासून उतरते. माह्या बापाच्या वक्ती बी तिथंच उतरत होती."

मी पाहत राहिले. तांबडा फिरस्ता म्हणजे मंगळ! सकाळीच मी पंचांगात त्याला मृगात वाचलं होतं. रोहिणीशकट, म्हणजे रोहिणीचा गाडा, हा शब्द लहानपणापासून घोकला होता आणि ते शकट, ते पाच ताऱ्यांचं त्रिकोणी टोक, आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. लाजेने कानशिलं तापली.

"मंग तुमी पंचांगात काय पाहता, बाई?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली, तिच्या पाटाचं पाणी प्याले. हे वाचून ज्यांना माझ्या हातचं पाणी नको वाटेल, त्यांनी पिऊ नये. विहिरी वाईत पुष्कळ आहेत.

यमुनाने मला त्या गावची चाल सांगितली. अक्षय्यतृतीयेला तिथे अखाजी म्हणतात. अखाजीच्या संध्याकाळी चंद्राची कोर आणि रोहिणी शेजारी असतात. आधी कोण मावळतं ते सगळं गाव पाहतं. रोहिणी आधी बुडाली तर पाऊस वेळेवर येणार, ज्याला जे पेरायचं ते त्याने पेरावं. रोहिणी चंद्राच्या मागे राहिली तर पाऊस दगा देणार, मग प्रत्येकाने, पाटलांनीसुद्धा, अर्ध्या वावरात ज्वारी पेरायची. गावाला रोहिणी दाखवायचा मान यमुनाच्या बापाचा होता, आणि तो गेल्यापासून तिचा.

"पण ताऱ्यावरून पाऊस कळतो, हे तुम्हाला खरं वाटतं?" मी विचारलं.

"पावसाचं मले का माईत?" ती म्हणाली. "पन गावाले जवारी पेराले काई सबब तं लागते ना. अवंदा साऱ्यायले कापूसच दिसून राहिला. जवारी नाई, तं कडबा नाई. कडबा नाई, तं माहे बैल नाई. मंग मोट कोन वढते, मी? अन् भाजीच्या बदल्यात मले काय देतीन, कापूस? तो का शिजवून खाऊ?"

"मग काहीतरी सांगून टाका. रोहिणी मागे राहिली म्हणून."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "सबब असली म्हून खोटी सांगू? जे दिसते, थेच सांगन."

अखाजी

आमच्याकडे अक्षय्यतृतीया म्हणजे चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हं. तिथे पितरांसाठी पाण्याची घागर पूजतात, आणि जेवायला उपड्या मडक्यावर भाजलेले मांडे, कुरडया आणि चिंचगुळाचं आंबटगोड पाणी. पाटलीणबाई मांडा हातावर असा फिरवत की तो कोपरापर्यंत पसरे आणि फाटत नसे. मी करायला गेले तो चुलीत पडला. सगळ्याजणी पोट धरून हसल्या, मीही हसले.

संध्याकाळी गाव वेशीबाहेरच्या माळावर जमलं. पाटलांच्या शेजारी रेशमी उपरणं घेतलेले एक जोशीबुवा बसले होते. अमरावतीहून आलेले. हे माझ्या कानाशी कुजबुजले, "हा आमच्या पेढीच्या दलालाचा माणूस. तू तोंड उघडू नकोस." तेव्हा मला सगळा डाव कळला. पेढीला गावभर कापूस हवा होता.

पाटील म्हणाले, "अवंदा रोहिनी जोशीबुवा दाखवतीन. थे शिकेल मानूस हाये." यमुनाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ती मागे बायकांत उभी होती.

अंधार पडत आला तसं पश्चिमेचं आभाळ चांदण्यांनी भरलं. मी तसं आकाश पुन्हा पाहिलं नाही. मधोमध चंद्राची बारीक कोर. तिच्या खाली, अगदी जवळ, एक टपोरी पांढरी चांदणी, डोळ्यांत भरणारी. तिच्या उजवीकडे कृत्तिकांचा पुंजका. कोरीच्या डावीकडे वर, मंद तांबूस, आपला गाडा घेऊन बसलेली रोहिणी. आणि सगळ्यांच्या वर मंगळ.

जोशीबुवांनी हात वर केला आणि सरळ त्या टपोऱ्या पांढऱ्या चांदणीकडे बोट केलं. "ही रोहिणी. चंद्राची लाडकी, म्हणून सगळ्यांत तेजस्वी आणि सगळ्यांत जवळ. ती आधी मावळणार. पाऊस उत्तम."

लोक खूश झाले. यमुना पुढे आली.

"थे रोहिनी नाई. गाडा कुठं हाये तिचा?"

"चंद्राच्या उजेडात लहान तारे दिसत नाहीत," जोशीबुवा म्हणाले. "माळणीने भाजी ओळखावी."

माणसं हसली. माझ्याच्याने राहवलं नाही. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "तो शुक्र आहे."

आता तर हशाच पिकला. त्या गावात शुक्र सगळ्यांना ठाऊक होता, पण पहाटेचा! त्याला पाहून ते मोटा जुंपायचे, गाड्या हाकायचे. एक म्हातारा कळवळून म्हणाला, "बाई, सुक्र तं पहाटचा असते. सांजीले कुठून आनला तुमी?" शुक्र काही महिने पहाटे दिसतो आणि काही महिने संध्याकाळी, एकच तारा, हे मी सांगायला लागले. कुणी ऐकेना. मी ओसरीवर धावले, पिशवीतून पंचांग आणलं. शुक्र पश्चिमेला, कृत्तिकांच्या शेवटी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. मशालीच्या उजेडात वाचून दाखवलं.

जोशीबुवांनी पंचांग हातात घेतलंही नाही. "वाईचं गणित वऱ्हाडात लागू पडत नाही. शिवाय बायकांनी वाचलेलं पंचांग आम्ही धरत नाही."

टपोरी चांदणी आधी बुडाली. मागून चंद्र गेला. खरी रोहिणी तेवढी डावीकडे अजून दिसत होती, पण तिच्याकडे बघायला कुणी थांबलं नव्हतं. डफ वाजला, पाटलांनी जाहीर केलं की ज्याला जे पेरायचं ते पेरावं, आणि गाव घरी गेलं. जोशीबुवा पहाटेच पाटलांच्या घोड्यावरून अमरावतीला परतले.

ओसरीवर आल्यावर हे म्हणाले, "माझी नोकरी घालवशील."

"नोकरी तुमची आहे," मी म्हटलं, "डोळे माझे आहेत. मला दिसलेलं मी दिसलं नाही म्हणणार नाही."

मला खूप राग आला होता आणि खूप रडूही. जोशाने मला हिणवलं याचं कमी, यमुना एकटीच अंधारात चालू लागली याचं जास्त.

मोटेवरच्या संध्याकाळी

दुसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन नेहमीसारखी आली. टोपली ओतली आणि पाटलीणबाईंना म्हणाली, "सांजीले मोटेवर या. जोशाची रोहिनी दाखवतो."

पाटलीणबाई आल्या, बरोबर दोघी शेजारणी. यमुनाने त्यांना उताराच्या टोकाला बसवलं, जिथून विहिरीचे दोन खांब आणि मधलं आभाळ दिसतं. "थे पांढरी कुठं उतरते अन् तांबडी कुठं उतरते, थे पाहून ठेवा. उद्या पुन्हा या."

दुसऱ्या संध्याकाळी पाचजणी आल्या. पांढरी चांदणी तांबडीच्या जरा जवळ सरकली होती. एक म्हणाली, तुझा भास आहे. यमुनाने पुढची मोट ओढली. मी मात्र बोलले. पाटी मांडून सांगितलं की रोहिणी हलत नाही, शुक्र रोज एक अंशाहून जास्त पुढे जातो, पाचव्या दिवशी दोघं बरोबरीला येतील. त्यांना अंश कळला नाही, पाचवा दिवस कळला.

तिसऱ्या आणि चौथ्या संध्याकाळी पुरुषही यायला लागले. सुतार आला, मला शुक्रावरून हसलेला म्हातारा आला. विहिरीवर जत्रा भरली. यमुनाने कुणाला बसायला सांगितलं नाही की उठायला सांगितलं नाही, तिचं पाणी देणं चालूच होतं. माझ्या मनात मात्र एकच घोळे. गणित चुकलं असलं तर? वडिलांचे आकडे, माझी वजाबाकी, आणि तिच्या बैलांचा कडबा त्यावर टांगलेला. चौथ्या रात्री मी ते गणित तीनदा पुन्हा केलं.

पाचव्या संध्याकाळी पाटील आले. मागे हे, न बोलावता. चंद्र आता वर निघून गेला होता. खांबांच्या वरती दोन तारे एका उंचीवर उभे होते, वीतभर अंतरावर. डावीकडे तांबूस, भोवती बारीक ताऱ्यांचा गाडा. उजवीकडे टपोरी पांढरी.

 

"पाटील," यमुना नाड्यावरून उतरून म्हणाली, "तुमची रोहिनी चालून राहिली. चार दिसांत इथवर आली. उद्या माह्या रोहिनीच्या वर जाईन. आता सांगा, जे जागा सोडते, तिच्या भरवशावर गावानं पेरावं का?"

पाटील बोटाने गाड्याचे तारे मोजून पाहू लागले. मग यांच्याकडे वळले. "तुमी पेढीचे मानूस. तुमी सांगा. काय हाये थे?"

मी यांच्याकडे पाहिलंच नाही. पाहण्याची हिंमत झाली नाही.

"शुक्र आहे तो," हे म्हणाले. "आमची ही अखाजीला खरं बोलली. जोशी खोटं बोलले."

लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण यांचा मला इतका अभिमान त्यापूर्वी कधी वाटला नव्हता. वाटला असं इथे लिहिते, कारण तोंडाने अजून सांगितलेलं नाही.

पाटील उताराच्या दगडावर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचाही काळ्या जमिनीचा सगळा पट्टा त्या वर्षी कापसाखाली जायचा होता, हे गावाला ठाऊक होतं.  मग पाटील म्हणाले, "उद्या दवंडी देतो. रोहिनी मांगं राहिली. अर्ध्या वावरात जवारी. माह्या बी."

बायकांत एकदम गलका झाला. पाटलीणबाईंनी पदराने डोळे पुसले. पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि यमुनाला म्हणाले, "माह्या हातून चूक झाली, यमुने. पुढच्या अखाजीपासून रोहिनी दाखवाचा मान पुन्हा तुहा. लेखी देतो."

मला वाटलं, आता ती हात जोडेल. ती बैलांच्या मानेवरून हात फिरवत उभी होती.

"नोको, पाटील," ती म्हणाली. "एकट्याच्या हातात होता, म्हून तुमाले दुसऱ्याले देता आला. पुढच्या अखाजीले कोनी कोनाले दाखवू नोका. सारे मोटेवर या, पोट्टे बी आना अन् बाया बी आना, अन् आपापल्या डोयानं पाहा." मग तिने बैल मागे सारले आणि मोट पुन्हा विहिरीत सोडली, कारण वांग्यांचे दोन वाफे अजून कोरडे होते.